वय, अश्रुग्रंथी आणि वरच्या पापणीची शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणं हे माझं रोजचं काम. वरच्या पापणीची लोंबणारी कातडी काढून घ्यायला लोक येतात, तेव्हा बोलणं होतं ते कातडीबद्दल आणि चरबीबद्दल. त्याच पापणीत, अगदी टाक्यांच्या शेजारी, अश्रू तयार करणारी ग्रंथी असते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिचा विसर पडला तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. म्हणून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, आणि जे विचारायला हवेत पण राहून जातात, ते इथे एकत्र केले आहेत.

अश्रुग्रंथी असते कुठे? नाकाजवळच ना?

नाही, आणि ही गल्लत जवळपास सगळ्यांचीच होते. नाकाजवळ असते ती अश्रूंचा निचरा करणारी व्यवस्था: पापणीच्या काठावरची दोन बारीक छिद्रं, तिथून निघणाऱ्या नळ्या, अश्रुपिशवी आणि नाकात उतरणारी नळी. अश्रू बनतात ते बरोबर उलट्या टोकाला. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली बोट ठेवलंत की हाडाची कड लागते. त्या कडेच्या आतल्या बाजूला कपाळाच्या हाडात एक उथळ खळगा आहे, आणि त्यात ही ग्रंथी बसलेली असते. साधारण सोललेल्या बदामाएवढी, सुमारे दोन सेंटिमीटर लांब.

तिचे दोन भाग असतात. मोठा भाग आत, हाडाच्या आडोशाला. छोटा भाग पापणीच्या मागच्या बाजूला. पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पातळ पडदा या दोघांच्या मधून जातो. आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येईल: मोठ्या भागात तयार झालेले अश्रू छोट्या भागातून जाणाऱ्या नळ्यांनीच डोळ्यावर पोहोचतात. अशा नळ्या एकूण दहा-बारा असतात, केसाएवढ्या बारीक.

वय वाढलं की या ग्रंथीचं काय होतं?

दोन वेगवेगळे बदल होतात, आणि ते एकाच माणसात एकाच वेळी दिसू शकतात.

पहिला बदल कामात. ग्रंथीतल्या अश्रू बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, त्यांच्या जागी तंतू आणि चरबी येते, नळ्यांभोवती सूज धरते. परिणामी अश्रूंचा पाणीदार भाग कमी होतो. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर हे जास्त जाणवतं, कारण संप्रेरकांचा या ग्रंथीवर थेट परिणाम असतो.

दुसरा बदल जागेत. ग्रंथीला हाडाशी धरून ठेवणारे बंध सैल पडतात, पापणीतला पडदा पातळ होतो आणि ग्रंथी आपल्या खळग्यातून खाली, पुढे सरकते. आत आडोशाला असायची ती पापणीत येऊन बसते. कातडी पातळ असेल तर बाहेरून फुगवटा दिसतो.

माझे डोळे कोरडे आहेत म्हणता, पण माझ्या डोळ्यांतून तर सतत पाणी वाहतं!

दोन्ही खरं असू शकतं. डोळ्यावर कोणत्याही क्षणी असणारे अश्रू जेमतेम सात मायक्रोलिटर भरतात. बाटलीतून पडणारा औषधाचा एक थेंब त्याच्या चार-पाच पट असतो. एवढ्याशा पाण्याची पातळ चादर डोळ्यावर टिकते ती तीन गोष्टींमुळे: वर पापण्यांच्या काठावरच्या ग्रंथींचं तेल, मध्ये पाणी, आणि डोळ्याच्या पृष्ठभागाशी चिकटून राहणारा बुळबुळीत थर. यातलं काहीही कमी पडलं की चादर फाटते, बुबुळ उघडं पडतं, टोचू लागतं. टोचलं की मेंदू अश्रुग्रंथीला हाक देतो आणि एकदम लोट येतो, कांदा चिरताना येतो तसाच. तो गालावर ओघळून जातो, डोळा पुन्हा कोरडा. वारा लागला किंवा बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं की पाणी येतं, रेती गेल्यासारखं खुपतं, वाचताना अधूनमधून धूसर होतं आणि पापणी लववली की स्वच्छ दिसतं, अशी तक्रार असेल तर कोरडेपणाचाच विचार आधी करावा.

निचऱ्याची नळी बंद असली तरी पाणी वाहतं, म्हणून तपासणीशिवाय निष्कर्ष काढू नये.

वरच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर फुगवटा आलाय. ती चरबी काढून टाकता येईल का?

या पानावरचा माझ्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्यातला ‘चरबी’ हा शब्द तपासून पाहायला हवा.

वरच्या पापणीत चरबीचे कप्पे दोन: एक नाकाच्या बाजूला, एक मध्यभागी. बाहेरच्या बाजूला तिसरा कप्पा नाही. खालच्या पापणीत असे तीन कप्पे असतात, त्यामुळे वरही तसंच असणार असं वाटतं, पण ती जागा वर अश्रुग्रंथीने घेतलेली आहे. मधल्या कप्प्यातली चरबी कधी कधी बाहेरच्या बाजूला थोडी पसरते हे खरं. भुवईखालची जाड चरबीही वयानुसार खाली येते. तरीही पापणीच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागातला गोलसर फुगवटा समोर आला, की तो अश्रुग्रंथीचा आहे असं धरूनच मी पुढे जातो, ती ग्रंथी नाही हे डोळ्यांनी दिसेपर्यंत.

ग्रंथी सरकली आहे हे डॉक्टर ओळखतात कसं?

बरंचसं हातांनी आणि डोळ्यांनी. तुम्हाला खाली, नाकाच्या शेंड्याकडे पाहायला सांगून पापणी बाहेरच्या कोपऱ्याशी अलगद उचलली की ग्रंथीचा छोटा भाग गुलाबी उंचवट्यासारखा दिसतो. सरकलेली ग्रंथी बोटाला चरबीपेक्षा घट्ट लागते, आणि हलक्या दाबाने हाडाच्या कडेमागे परत जाते, सोडली की पुन्हा खाली. घरी आरशासमोर दाबून पाहू नका. त्याऐवजी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, समोरून काढलेले फोटो घेऊन या. फुगवटा हळूहळू, दोन्ही बाजूंना सारखा वाढत आला की एका बाजूला अचानक उपटला, हे फोटो जितकं सांगतात तितकं आठवणीवर विसंबून सांगता येत नाही.

ही गाठ तर नसेल?

बहुतेक वेळा नसते. वयामुळे सरकलेली ग्रंथी सहसा दोन्ही बाजूंना असते, दुखत नाही, लाल होत नाही, आत ढकलता येते. पण पुढच्यापैकी काहीही असेल तर पापणीच्या सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी निदान करावं लागतं.

फुगवटा एकाच बाजूला आहे आणि वाढतोय. घट्ट आहे, आत जात नाही. डोळा खाली आणि नाकाच्या दिशेने ढकलला गेलाय, किंवा पुढे आलाय. दोन-दोन दिसतं. दुखतं, विशेषतः न थांबता ठणकतं. पापणी लालबुंद सुजून तिच्या काठाला आडव्या ‘एस’सारखा बाक आलाय. यामागे ग्रंथीचा दाह असू शकतो, थायरॉइडमुळे होणारा डोळ्यांचा आजार असू शकतो, सार्कॉइडोसिससारखे शरीरभर पसरणारे आजार, लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) किंवा ग्रंथीची स्वतःची गाठ असू शकते. यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. ग्रंथीच्या एका प्रकारच्या साध्या गाठीचा (प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा) तुकडा तपासणीसाठी काढणंही टाळतात, कारण आवरण फुटलं तर ती पुन्हा उद्भवते आणि पुढे कर्करोगात बदलू शकते. ती अख्खी, आवरणासकट काढावी लागते. म्हणून ‘जरा उघडून पाहू’ हा मार्ग इथे चालत नाही.

ग्रंथी खाली सरकली म्हणून ऑपरेशन करायलाच हवं का?

मुळीच नाही. सरकलेली ग्रंथी अश्रू बनवत राहते. फुगवटा तुम्हाला खटकत नसेल आणि वर सांगितलेलं काही नसेल तर तिला राहू द्या. शस्त्रक्रियेचा विचार दोन कारणांनी होतो: दिसायला नको वाटतं, किंवा सैल कातडीसाठी पापणी उघडायचीच आहे, मग त्याच वेळी ग्रंथी जागेवर बसवायची.

माझी पापणी जड वाटते. कातडी सैल झालीय की पापणीच पडलीय?

हे वेगळं करणं गरजेचं आहे, कारण उपाय वेगळे आहेत. कातडी सैल असेल तर तिची घडी पापण्यांच्या केसांवर टेकते, कधी त्यांच्याही पुढे येते, पण पापणीचा स्वतःचा काठ योग्य उंचीवर असतो. टॉर्चचा उजेड डोळ्यावर टाकला की बाहुलीत चमकणारा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या काठापर्यंत साधारण ४ ते ५ मिलिमीटर अंतर असतं. काठच खाली आला असेल तर स्नायू किंवा त्याचा पडदा सैल पडलाय, आणि कितीही कातडी काढली तरी डोळा उघडणार नाही. तिसरी शक्यता भुवई खाली येण्याची. अनेकांत तिन्ही थोडं थोडं असतं.

शस्त्रक्रियेआधी कोणत्या तपासण्या होतात?

नजर, डोळ्यांचा दाब, डोळ्याच्या आतला पडदा, पापणी पूर्ण मिटते का, मिटल्यावर बुबुळ वर जातं का. बाजूचं दिसणं अडतं अशी तक्रार असेल तर दृष्टिक्षेत्राची चाचणी दोनदा घेतात: एकदा पापणी आहे तशी, एकदा कातडी चिकटपट्टीने वर धरून.

मात्र अश्रू मोजणाऱ्या शिर्मर चाचणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ती इतकी साधी आहे की ती टाळायला काही कारणच नाही. ओटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०३ मध्ये ती मांडली. गाळणकागदाची ५ मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब पट्टी. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत, बाहेरच्या बाजूला अडकवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. ओल कागदावरून सावकाश खाली उतरत जाते आणि जिथे थांबते तिथला आकडा वाचायचा. कागदाने जराशी टोचणी लागते, त्यामुळे डोळ्याला पाणी यायलाच हवं. १० मिलिमीटरच्या वर असेल तर सहसा काळजी नसते, पाचच्या खाली असेल तर अश्रू नक्कीच कमी आहेत. एका बाईंच्या पट्टीवर पाच मिनिटांनी ओल दोनच्या खुणेवरच थांबलेली होती. त्यांना डोळ्यांची काहीच तक्रार नव्हती, त्या फक्त पापण्यांसाठी आल्या होत्या. अधिक विचारल्यावर कळलं की तोंडही कोरडं पडतं, घास पाण्याशिवाय उतरत नाही, बोटांचे सांधे सकाळी आखडतात. हे स्योग्रेन आजाराचं चित्र आहे, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते. त्यांना पापण्यांच्या आधी संधिवाताच्या तज्ज्ञांची गरज होती.

या चाचणीचा आकडा दिवसागणिक थोडा बदलतो. म्हणून तिच्या जोडीला पिवळा रंग घालून अश्रूंची चादर किती सेकंदांत फाटते आणि बुबुळावर कुठे रंग धरतो तेही पाहतात. दहा सेकंदांच्या आत फाटत असेल तर चादर टिकाऊ नाही.

डोळे कोरडे असतील तर वरच्या पापणीची शस्त्रक्रिया करता येत नाही का?

येते, पण आधी कोरडेपणावर उपचार आणि मग हात राखून शस्त्रक्रिया. कातडी नेहमीपेक्षा कमी काढायची, पापणी मिटवणाऱ्या स्नायूला शक्यतो धक्का लावायचा नाही, आणि तुम्ही काही महिने नियमित कृत्रिम अश्रू घालणार याची तयारी ठेवायची. पापण्यांचे काठ सुजलेले असतील तर कोमट शेक आणि काठांची स्वच्छता काही आठवडे करून घ्यायची. कोरडेपणा वाढवणारी औषधं चालू आहेत का तेही पाहतो: अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, काही नैराश्यविरोधी औषधं, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. बुबुळावर जखमा असतील, पापणी नीट मिटत नसेल आणि अश्रूही नसतील, तर मी नाही म्हणतो, रुग्ण नाराज झाला तरी.

शस्त्रक्रिया होते कशी?

बहुतेक वेळा जागेवरची भूल देऊन. तुम्ही बसलेले असताना, डोळे उघडमीट करत, पेनाने खुणा केल्या जातात, कारण आडवं झालं की कातडी जागा बदलते. छेद पापणीच्या नैसर्गिक घडीत येतो, केसांपासून साधारण ८ ते १० मिलिमीटर वर. भुवईपासून केसांपर्यंत एकूण सुमारे २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहायला हवी, नाहीतर डोळा मिटणार नाही. दोन्ही डोळ्यांना साधारण तासभर.

पापणीतला पडदा उघडला की दिव्याखाली रंग बोलू लागतात. मधल्या कप्प्यातली चरबी लोण्यासारखी पिवळी, नाकाजवळची फिकट, पांढरट. बाहेरच्या बाजूची ग्रंथी यांच्यापेक्षा अगदी वेगळी: करडट गुलाबी, दाणेदार, चिमट्याला घट्ट लागणारी. चरबी चिमट्यात धरली की सहज पुढे येते, ग्रंथी येत नाही. घाई असेल, रक्ताने सगळं लाल झालं असेल, तर हा फरक चुकू शकतो. म्हणून मी तिथे थांबतो, पुसून घेतो, पुन्हा पाहतो.

ग्रंथी सरकलेली असेल तर तिच्या आवरणाच्या पुढच्या कडेला बारीक टाका घेऊन तो हाडाच्या कडेच्या आतल्या बाजूला, हाडावरच्या आवरणाला बांधतात. एक-दोन टाके पुरतात. ग्रंथी पुन्हा खळग्यात जाते आणि फुगवटा बसतो. याला डॅक्रिओपेक्सी म्हणतात. वेळ काही मिनिटांनीच वाढतो.

ग्रंथीचा थोडासा भाग कापला तर काय बिघडतं?

वर लक्षात ठेवायला सांगितलेल्या नळ्या आता आठवा. मोठ्या भागातले अश्रूही छोट्या भागातूनच बाहेर येतात. पापणीत दिसणारा तेवढाच तुकडा कापला, तरी मागचा चांगला भाग डोळ्यापासून तुटू शकतो. पापणीच्या आतल्या अस्तरातल्या लहान ग्रंथी थोडं पाणी देत राहतात, तरुण वयात त्यावर भागूनही जातं. साठीत, जेव्हा राखीव साठा आधीच आटलेला असतो, तेव्हा भागत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षकांचं हेच झालं होतं. दुसरीकडे ‘बाहेरची चरबी’ काढून पापण्या छान सपाट झालेल्या. व्रण शोधूनही सापडत नव्हता. पण गृहस्थ दर तासाला थेंब घालत होते, रात्री जाड मलम लावून झोपत होते, आणि वाचन सुटलं होतं. काढलेल्या तुकड्याच्या अहवालात ‘अश्रुग्रंथीची ऊती’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कागद त्यांनी घडी घालून जपून ठेवला होता, अर्थ मात्र कुणी सांगितला नव्हता. निचऱ्याची छिद्रं बंद करून आणि थेंब बदलून त्यांना बराच आराम पडला. कापलेली ग्रंथी परत लावता येत नाही, हे त्यांना सांगताना मला अजूनही जड जातं.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. बंद करू का?

स्वतःच्या मनाने कधीही नाही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा नवीन गोळ्या ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांना विचारूनच निर्णय होतो. हृदयात नुकताच स्टेंट बसवला असेल तर पापणी थांबू शकते. माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्या, हाडवैद्याची किंवा इतर औषधं, दुखण्याच्या साध्या गोळ्या हेही सांगा. ती औषधं आहेत असं वाटत नसल्याने सांगायचं राहतं.

चष्मा घालवण्याचं लेसर झालंय, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो. फरक पडतो?

पडतो. लेसरमध्ये बुबुळाच्या संवेदना वाहणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात, अश्रूंचा इशारा मंदावतो. त्यानंतर साधारण सहा महिने तरी थांबावं. लेन्स शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे लावायची नाही.

नंतरचे दिवस कसे जातात?

पहिले दोन दिवस जागेपणी थोड्या थोड्या वेळाने थंड शेक, झोपताना उशी उंच. सूज आणि काळंनिळंपण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दिसतं, मग उतरायला लागतं. टाके ५ ते ७ दिवसांनी निघतात. दोन आठवडे वाकून वजन उचलायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत. केसांजवळची कातडी काही आठवडे बधिर राहते. डोळा काही दिवस पूर्ण मिटत नाही आणि पापणी कमी लवते, म्हणून आधी ठीक असलेल्या डोळ्यांनाही या काळात थेंब लागतात. प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब घ्या, आणि खुपायला लागण्याची वाट न पाहता घाला. ग्रंथी बसवली असेल तर बाहेरच्या कोपऱ्यावर सूज थोडी जास्त आणि जास्त दिवस राहते. अंतिम आकार दिसायला दोन-तीन महिने द्या.

डोळा जाण्याची भीती असते का?

फार क्वचित, पण असते, आणि ती सांगितल्याशिवाय सही घेऊ नये. डोळ्यामागे रक्तस्राव झाला तर दाब वाढून दृष्टीची नस गुदमरते. अशी रक्तस्रावाची घटना साधारण २००० शस्त्रक्रियांमागे एक, आणि त्यातून कायमची दृष्टी जाणं त्याहून कितीतरी दुर्मिळ. बहुतेक वेळा ते पहिल्या २४ तासांत घडतं. वाढत जाणारी तीव्र वेदना, डोळा ताठरून पुढे येणं, नजर अंधुक होणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, मध्यरात्रीही फोन करा आणि निघा. ही वेळ तासांत मोजायची नसते, मिनिटांत मोजायची असते.

बसवलेली ग्रंथी पुन्हा खाली येते का?

येऊ शकते, विशेषतः थायरॉइडचा डोळ्यांचा आजार पेटलेला असताना शस्त्रक्रिया केली तर. म्हणून तो शांत होऊन काही महिने जाऊ देतात. एरवी टाका हाडाच्या आवरणात नीट घेतला असेल तर सहसा टिकते.

क्रीम, मसाज किंवा डोळ्यांच्या व्यायामाने फुगवटा जाईल का?

नाही. सैल झालेले बंध कातडीवर लावलेल्या कशानेही घट्ट होत नाहीत. मसाजने पातळ कातडी आणखी ताणली जाते.

शस्त्रक्रिया ठरवण्याआधी डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

माझ्या अश्रूंची चाचणी झाली का आणि आकडा किती आला? बाहेरचा फुगवटा चरबीचा आहे की ग्रंथीचा? तो ग्रंथीचा निघाला तर तुम्ही ग्रंथी कापता की जागेवर बसवता? काढलेली ऊती तपासायला पाठवता का आणि तो अहवाल मला समजावून कोण सांगेल? पहिल्या रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? हे कागदावर लिहून न्या आणि उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या. सोबत जुने फोटो आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं.